ठकूला जे, ते तिकडच्याला

टेलरबाईच्या घरात कुठलीही वस्तू एकटी येत नसे. बूट आले तर दोन जोड, दप्तरं दोन, रंगपेट्या दोन, स्वेटर दोन. एक ठकूला, एक तिकडच्याला. बूटवाल्याला तर कित्येक वर्षं वाटत होतं, बाईला जुळी मुलं आहेत. "जुळ्यांना घेऊन या की एकदा, पाय मोजून देतो," असं तो एकदा लाडात येऊन म्हणाला, तेव्हा टेलरबाईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने न मागता सूट दिली.

ठकू म्हणजे तिची मुलगी. आणि तिकडचा? तिकडचा तिचा कोणीच नव्हता. त्याला तिने पाहिलंही नव्हतं. त्याची आई टेलरबाईच्या नवऱ्याच्या व्हॅनखाली गेली होती, एवढंच काय ते नातं.

नवरा प्यायलेला होता. यात पण नाही, परंतु नाही. रस्ता ओला होता, समोरून उजेड आला, असलं काही त्याने कोर्टात सांगितलं नाही आणि टेलरबाईनेही कधी कोणाला सांगितलं नाही. पगाराचा दिवस, दोस्तांचा आग्रह, आणि एक बाई कामावरून घरी निघालेली. संपलं. तिचं पोरगं तेव्हा नुकतं चालायला लागलेलं. बाप आधीच परागंदा. पोरगं मावशीकडे गेलं आणि नवरा तुरुंगात.

त्या मुलखातला कायदा असा, की नशेत गाडी चालवून ज्याने एखाद्या पोराचं माणूस नेलं, त्याने ते पोर हाताशी येईपर्यंत त्याचा खर्च उचलायचा. बहुतेकांना कोर्ट एक आकडा ठरवून देतं. पण या माणसाची नोकरी गेलेली, लायसन्स गेलेलं. सुटल्यावर तो काय कमावणार हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. जजबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "घरात मुलगी आहे ना तुमच्या? मग तिला जे, ते त्या मुलाला. कमी नाही, जास्त नाही. हे पाळलंत, तर अर्धी शिक्षा माफ. चुकलात, तर तीही आत बसून पूर्ण करायची." शिवाय नवऱ्याने त्या मुलाच्या आसपासही फिरकायचं नाही, हे होतंच.

सुरुवातीला टेलरबाई नुसती धुमसत होती. प्यायला हा, मारलं याने, आणि वाटा कोणाच्या ताटातला? माझ्या पोरीच्या! मग तिने एक शक्कल काढली. ठकूलाच काही घ्यायचं नाही, म्हणजे तिकडे पाठवायला नको. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं जग म्हणतं. इथे कार्ट्याला मिळू नये म्हणून बाब्यालाच उपाशी ठेवायची पाळी आली. ठकू बुटातून अंगठा बाहेर काढून शाळेत जात राहिली. एके दिवशी शेजारीण म्हणाली, "अगं, त्या पोरीचा अंगठा तुझ्यावर रागावून बाहेर आलाय." टेलरबाई त्याच पावली बूटवाल्याकडे गेली आणि दोन जोड घेऊन आली. तेव्हापासून चडफडत का होईना, पण दोन.

आणि चडफड तरी किती वर्षं पुरणार? शिवणाच्या टेबलाखाली तिकडच्याची पिशवी कायम लटकलेली असे. महिनाअखेरीला ती भरून कोर्टाच्या ऑफिसात जायची. तिथल्या बाई, ज्यांना सगळे कोर्टमॅडम म्हणत, त्याची मापं तोंडी सांगायच्या आणि टेलरबाई त्यावरून अंदाजाने शर्ट शिवायची. शिवता शिवता मनात म्हणायची, हात लांब दिसतात, उंच होणार पोरगा, आईवर गेला असेल. मग जीभ चावायची. नवऱ्याने दारू सोडली होती, अशी सोडली की खोकल्याचं औषधही वास घेऊन प्यायचा. बर्फाच्या कारखान्यात तो लाद्या उचलत होता. ठकू शाळेत जात होती. घरात तिघांचं बोलणं होतं, हसणं होतं. टेलरबाईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, चाललंय की, बरं चाललंय.

चष्म्याची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ठकूला चष्मा लागला. आता हुकूम म्हणजे हुकूम. टेलरबाईने तोच नंबर, तीच फ्रेम, असा दुसरा चष्मा करून पिशवीत टाकला. चार दिवसांनी कोर्टमॅडम तो परत घेऊन आल्या. "त्याच्या मावशीचा निरोप आहे," त्या म्हणाल्या, "पोराचे डोळे चांगले आहेत, ते चांगलेच राहू द्या." त्या दिवशी नवरा लग्नाच्या सुरुवातीला हसायचा तसा हसला. टेलरबाई मात्र फणकारली, "मला काय माहीत! ठकूला जे, ते त्याला, असंच म्हणाल्या होत्या ना?" मग कोर्टमॅडमनी समजावलं. लागत नसेल ती वस्तू पाठवायची नाही. तेवढ्याच किमतीचं त्याला लागेल ते द्यायचं. बरोबरी झाली म्हणजे झालं.

आता मुद्द्याची गोष्ट. दातांची.

ठकूचे वरचे पुढचे दोन दात बसमध्ये एका सीटवर दोघांनी बसावं तसे एकमेकांच्या अंगावर चढलेले होते. शाळेत तिला खारूताई म्हणायचे. ते एक वेळ चाललं असतं, पण जेवताना दर दोन घासांनी तिचा ओठ चावला जायचा आणि आतून सोलवटायचा. पोरीने जेवण कमी केलं. दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ताच तार लावा. जबडा पक्का झाला की मग जड जाईल." आणि त्यांनी आकडा सांगितला. एकाच पोरीचा आकडा टेलरबाईने दोनदा विचारून घेतला, आणि इथे तर त्याच्या दुप्पट भरायचे! दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. दात सरळ करायला तर पोटच विकावं लागलं असतं.

पण डॉक्टरीणबाई नव्या जागेत दवाखाना थाटत होत्या, आणि खिडक्यांना पडदे नव्हते. टेलरबाईच्या ते लगेच लक्षात आलं. सौदा ठरला. दवाखान्याचे सगळे पडदे, मदतनिसांचे कोट, खुर्च्यांची कव्हरं, सगळं टेलरबाईने शिवायचं. ठकूच्या तारेचं त्यात फिटलं.

"पैसा खर्च झाला का? नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "मग तिकडे पाठवायचं काय? पडदे?"

"मग पोरीला मॅडमसमोर तोंड मिटून बसायला का सांगतेस?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही गप्प बसा."

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! नवऱ्याला ते पटलं नव्हतं. एकदा बुडालेला माणूस बादलीभर पाण्यालाही बिचकतो. तो म्हणायचा, सांगून टाकू. ती म्हणायची, सांगितलंत तर तुम्ही आत आणि पोरीच्या तारा अर्ध्यावर. मग तो गप्प बसायचा.

महिन्यातून एकदा ती ठकूला घेऊन दवाखान्यात जायची. ठकू आत खुर्चीवर, ही दारातल्या बाकावर, मांडीवर पडद्याचं कापड. आत काही खटखट झालं की ठकूचे डोळे आईला शोधायचे. टेलरबाई सुई थांबवायची, मान हलवायची, आणि पोरीची घट्ट धरलेली मूठ सुटायची. अर्धा दिवस मोडायचा, दुकानात गिऱ्हाइकं कुरकुरायची. पण खरं सांगायचं तर तिला ते अर्धे दिवस आवडायचे.

आणि मग कोर्टमॅडम आल्या. त्या वर्षातून कधीही, न सांगता यायच्या. कपाट उघडायच्या, ठकूचे कपडे बघायच्या, दप्तर बघायच्या. वाईट नव्हत्या बाई. दारात चपला अशा नीट काढायच्या की त्या चपलांचीही भीती वाटावी.

"काय ठकू, शाळा कशी आहे?"

ठकूने मान डोलावली.

"कितवीत गेलीस आता?"

ठकूने बोटं दाखवली.

"हिला बोलता येत नाही का हल्ली?"

"घसा बसलाय तिचा," टेलरबाई म्हणाली. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"अरेरे! बघू तरी. लाल झालाय का?" कोर्टमॅडम पुढे वाकल्या. "आ कर."

बिचारी ठकू! तिने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि आ केला. खिडकीतून ऊन येत होतं. तार अशी चकाकली की काही विचारू नका.

मग नवरा उभा राहिला. "मॅडम, चूक आमची आहे. मीच सांगायला हवं होतं."

"तुम्ही बसा!" टेलरबाई कडाडली, आणि तिने सगळं सांगितलं. पडदे, कोट, कव्हरं. एक पैसा गेला नाही, देवाशपथ. विचारा डॉक्टरीणबाईंना.

कोर्टमॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "पडदे कोणी शिवले?"

"मी."

"रिकाम्या वेळात?"

"रिकामा वेळ? मला कुठला आलाय रिकामा वेळ! बाकीची शिवणं मागे टाकून..." आणि ती थांबली.

"म्हणजे खर्च झालाच," कोर्टमॅडम म्हणाल्या. "आणि लपवलात, ते वेगळंच. मला रिपोर्ट द्यावा लागेल. यांना आत जावं लागेल, तेही तुम्हाला माहीत आहे." ठकू रडायला लागली, तोंड उघडं टाकून, आता लपवायचं काय उरलं होतं! कोर्टमॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रिपोर्ट महिनाअखेरीला जातो. मुलाच्या मावशीने स्वतः मला सांगितलं की तिची काही तक्रार नाही, तर मी तसं लिहीन. यांना तिकडे जायची बंदी आहे. तुम्हाला नाही."

"मी? तिच्या दारात कुठल्या तोंडाने जाऊ?"

"ते तुमचं तुम्ही बघा," म्हणत कोर्टमॅडमनी चपला घातल्या.

तिकडच्याची मावशी किल्ल्या करायची. दोन दुकानांच्या मधल्या बोळकांडीत तिची टपरी होती. तिन्ही बाजूंनी किल्ल्या लटकलेल्या आणि मधोमध ती, हातात कानस, समोर किल्ली घासायचं यंत्र. टेलरबाई उन्हात बराच वेळ पलीकडच्या फुटपाथवर उभी राहिली. मग, होऊ दे काय व्हायचं ते, म्हणून रस्ता ओलांडला.

"कुठली किल्ली?" मावशीने मान वर न करता विचारलं.

"किल्ली नाही. मी ठकूची आई."

"कोण ठकू?"

टेलरबाईला एकदम उमगलं, इथे ठकूला कोण ओळखणार! "त्या पिशव्या येतात ना तुमच्याकडे... त्या मी पाठवते."

मावशीने मान वर केली. "तिकडची?"

म्हणजे या घरातही त्यांना तिकडचेच म्हणत होते तर.

"चष्मा पाठवणारी तूच ना?" मावशीच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा झाला, पण तिने लगेच यंत्र सुरू केलं. घर्रर्र. पुढचं सगळं टेलरबाईला त्या आवाजावर ओरडून सांगावं लागलं. दात, पडदे, रिपोर्ट, नवरा. जाणारे-येणारे वळून बघत होते. लाजेने मेल्यासारखं झालं, पण ती सांगत राहिली. "कडा शिवायचं ओव्हरलॉकचं मशीन विकायला काढलंय मी. आलेला पैसा सगळा तुमच्या मुलाला देते. फक्त मॅडमना सांगा, तक्रार नाही म्हणून."

यंत्र थांबलं.

"मशीन विकलंस तर खाशील काय? आणि तूच खाल्लं नाहीस तर याला काय पाठवशील, चष्मे?" मावशीने किल्लीवरचा भुगा फुंकला. "तुझा नवरा आत गेला तर मला बरं वाटेल का? वाटेल. खोटं कशाला बोलू! दोन दिवस चांगलं बरं वाटेल. माझी बहीण होती ती. तिसऱ्या दिवशी याचे बूट फाटतील, मग?"

 

"याचे दात चांगले आहेत. आईसारखे." मावशीने दोनतीन किल्ल्या उगाच इकडच्या तिकडे केल्या. "मला पैसा नको सांगूस. तुझ्या पोरीला काय काय मिळालं ते सांग."

"तार मिळाली."

"आणि?"

"आणि काय? काहीच नाही."

"ती खुर्चीवर बसायची तेव्हा तू कुठे असायचीस?"

"तिथेच. बाकावर."

"दर वेळी?"

"दर वेळी. घाबरते हो ती. मी दिसले की बरं वाटतं तिला."

"मग ते दे," मावशी म्हणाली.

टेलरबाईला कळेना.

"शनिवारी दुपारी तो पोहायला शिकतो," मावशी म्हणाली. "सगळ्यांच्या आया पायऱ्यांवर बसलेल्या असतात. मला शनिवारी टपरी सोडता येत नाही, तोच माझ्या कमाईचा दिवस. त्याला उंच फळीवरून उडी मारायचीये. रोज बोलतो. तिथे जातो आणि मारत नाही. म्हणतो, कोणी बघायला असेल तर मारेन." तिने कानस खाली ठेवली. "तू जा, बस, बघ. पोरगा मला येऊन म्हणू दे, बाई आल्या होत्या, बघत होत्या. मग मी मॅडमना सांगते."

"पण मी कोण, हे त्याला..."

"सगळं माहीत आहे त्याला. आमच्या घरात खोटं नाही बोलत," मावशी म्हणाली. टेलरबाईला ते बरोबर लागलं. लागायलाच हवं होतं.

शनिवारी ती गेली. तलावाला औषधाचा वास येत होता, शिट्टीवाले सर काठावरून ओरडत होते आणि पोरं बेडकांसारखी पाण्यात पडत होती. पायऱ्यांवर आया टॉवेल घेऊन बसल्या होत्या. टेलरबाई एका टोकाला बसली. हाताला काम हवं म्हणून तिने एक पॅन्ट आणली होती दुमडायला.

एक किडकिडीत पोरगा थेट तिच्यासमोर येऊन उभा राहिला. कान मोठे, खांदे अगदी उतरते. म्हणजे आजवरचे सगळे शर्ट खांद्यात सैल झाले असणार, हे तिच्या डोक्यात आधी आलं.

"तुम्ही तिकडच्या ना?"

"हो."

"काय म्हणायचं तुम्हाला?"

"टेलरबाई म्हणतात सगळे."

"बरं टेलरबाई, बघा मग," तो म्हणाला आणि पळाला.

तो शिडी चढला, फळीच्या टोकाला गेला, उभा राहिला. आणि टेलरबाईची मान खाली गेली. तिने सुईत दोरा ओवला, टाका घातला, परत एक घातला. बराच वेळ झाला तरी पाण्याचा आवाज काही आला नाही. मग ओली पावलं वाजली.

"तुम्ही बघत नव्हता."

"बघत होते की रे!"

"नाही. शिवत होता." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. नुसतं जे होतं ते सांगितलं आणि टॉवेल उचलून गेला.

घरी नवरा दारातच उभा होता. "कसा आहे?"

"बारीक आहे. कान मोठे आहेत."

"उडी मारली?"

"नाही. माझ्यामुळे नाही मारली."

"शिवण कशाला नेलंस अगं?"

झालं! इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर आलं. "मला त्याच्याकडे बघवत नाही हो! तो तिथे उभा राहतो आणि मला त्याची आई दिसते. केलं तुम्ही आणि बघायचं मी! कपडे शिवीन, बूट आणीन, रक्त आटवीन, पण त्या पोराच्या तोंडाकडे कशी बघू मी?"

नवरा खाली बसला. "मला बंदी आहे," तो म्हणाला. "नसती तरी माझ्याच्याने झालं नसतं. तू बघ गं. माझ्यासाठी नको. मला नेलं आत तर नेलं. त्या पोरासाठी बघ."

आठवड्यात कोर्टमॅडम निरोप देऊन गेल्या. मावशी म्हणत होती, पोरगा म्हणाला, बाई आल्या होत्या पण बघत नव्हत्या. महिना संपायला एकच शनिवार उरला होता.

त्या शनिवारी टेलरबाई निघाली तेव्हा ठकूने तिच्या हातातून शिवणाची पिशवी काढून घेतली. "ही नको नेऊस."

"रिकामे हात घेऊन काय करू मी तिथे?"

"दवाखान्यात ना, आई," ठकू म्हणाली, "मला कळायचंच नाही किती दुखतंय ते. मी तुझ्या तोंडाकडे बघून ठरवायचे. तू घाबरलेली दिसलीस की जास्त दुखायचं." तिने तारांनी भरलेलं तोंड उघडून दाखवलं. "असं हसरं ठेव."

टेलरबाईने तिला एक धपाटा घातला आणि तिचा मुका घेतला.

तलावावर या खेपेला ती टोकाला बसली नाही. मधोमध, आयांच्या घोळक्यात, फळीच्या बरोबर समोर बसली. पोराने तिच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं आणि शिडी चढला. वर जाताना त्याच्या पाठीचे मणके दिसत होते. टोकाला आला. त्याने खाली पाण्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे.

त्याची आई आठवलीच. येणारच होती आठवण, टेलरबाईला ठाऊक होतं. ही जागा तिची, ही पायरी तिची, हे बघणं तिचं. पण टेलरबाईची मान खाली गेली नाही. ठकूने सांगितलं होतं तसं तिने तोंड हसरं ठेवलं, आणि दवाखान्यात हलवायची तशी मान हलवली.

पोराने नाक दाबलं आणि उडी मारली.

कसली उडी ती! पोटावर आपटला. फाटकन असा आवाज झाला की सर शिट्टी वाजवायची विसरले. पाणी पायऱ्यांपर्यंत उडालं. आणि डोकं वर आलं न आलं, नाकातून पाणी गळत असताना, त्याने पहिल्यांदा पायऱ्यांकडे पाहिलं.

टेलरबाई उभी होती. दोन्ही हात डोक्यावर, अंगावर पाणीच पाणी. "बघितलं रे!" ती ओरडत होती. "सगळं बघितलं मी! पोट लाल झालं असेल की रे!"

"झालं!" तो आनंदाने ओरडला. "मावशीला सांगतो मी, बघत होत्या म्हणून!"

नवरा, रिपोर्ट, महिनाअखेर, हे सगळं त्या घटकेला तिच्या ध्यानातही नव्हतं. ती खाली बसली तेव्हा शेजारच्या बाईने हसत स्वतःचा टॉवेल पुढे केला. "भिजलात की हो! तुमचा का तो?"

हो म्हणणं किती सोपं होतं. नुसतं हसणं त्याहून सोपं. टेलरबाईने टॉवेल घेतला, तोंड पुसलं.

"नाही," ती म्हणाली. "त्याची आई माझ्या नवऱ्याच्या गाडीखाली गेली. तो प्यायला होता. मी बघायला येते."

त्या बाईने काही विचारायला तोंड उघडलं. टेलरबाईने टॉवेल नीट घडी करून तिच्या मांडीवर ठेवला. पलीकडे पोरगा पाय आपटत परत शिडीवर चढला होता.

"अहो टेलरबाई!" वरून हाक आली. "बघताय ना?"

"बघतेय," ती म्हणाली. आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "एक मिनिट हं, उडी मारतोय तो."